लिनक्स वितरणे

लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेला लिनक्स हा संगणकाच्या प्रचालन प्रणालीचा केवळ गाभा, म्हणजे कर्नल होय. तो नित्य वापरात आणण्यासाठी ग्नू प्रकल्पातील साधने, पडद्यावरील चित्ररूप व्यवस्था, टंक व आज्ञावली बसविण्याची यंत्रणा यांची जोड द्यावी लागते. अशा सिद्ध संचास वितरण म्हणतात. स्लॅकवेअर व डेबियन ही अद्याप चालू असलेली सर्वांत जुनी वितरणे १९९३ मधील आहेत. आज्ञावली कोणी निवडावयाच्या, त्या किती वारंवार बदलावयाच्या व दुरुस्त्या किती वर्षे पुरवावयाच्या, याबाबत वितरणांत भेद आढळतो. निवड करताना हेच भेद महत्त्वाचे. पडद्याचे रंगरूप पुढे केव्हाही बदलता येते.

नवशिक्यास उबुंटू (२००४) किंवा त्यावर आधारलेले लिनक्स मिंट (२००६) सोयीचे पडते. पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून, मूळ प्रणालीस धक्का न लावता, ती पारखून पाहता येतात. पवई येथील आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पातील लिनक्सचे पाठ उबुंटूवर बेतलेले असून ते मराठीतही आहेत. अडचण आल्यास स्वभाषेत मार्ग सापडणे, हा आरंभी मोठाच आधार होय. मराठी लेखनासाठी मात्र वेगळे वितरण शोधण्याचे कारण नाही. इनस्क्रिप्ट कळफलक व लोहित टंक प्रमुख वितरणांत उपलब्ध असतात.

आज्ञा टंकित करून काम करण्याची सवय झाल्यावर अनेक जण फेडोरा (२००३) किंवा आर्च (२००२) यांकडे वळतात. फेडोराची नवी आवृत्ती सु. सहा महिन्यांनी निघते व प्रत्येकीस सु. तेरा महिने दुरुस्त्या मिळतात. आर्चला ठरावीक आवृत्त्याच नाहीत. प्रणालीची जुळणी वापरणाऱ्याने स्वतः करावयाची असते. तीतून प्रणालीची रचना उत्तम कळते. पण सूचना वाचण्याचा कंटाळा असणाऱ्यास ती मानवत नाही.

अनुभवी व्यक्तीचे वितरण अवघडच असावे, हा समज योग्य नाही. ज्याच्यावर इतरांचे काम अवलंबून आहे, तो दुरुस्त्यांची मुदत आधी पाहतो. रेड हॅटच्या सशुल्क प्रणालीची विनामूल्य प्रतिकृती असलेल्या सेंटओएसच्या आठव्या आवृत्तीची मुदत २०२९ ऐवजी २०२१ अखेरच संपेल, असे डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले, तेव्हा ती वापरणाऱ्यांना जेमतेम वर्षभरात स्थलांतर करावे लागले. रॉकी व अल्मा ही वितरणे त्यातूनच निघाली. डेबियनची स्थिर आवृत्ती सु. दोन वर्षांनी येते आणि तीस एकूण पाच वर्षे आधार मिळतो. म्हणून बरेच जाणकार फिरून तिच्याकडेच येतात.

यंत्राचे वयही पाहावे लागते. उबुंटूने ३२-बिटी संगणकांसाठी स्थापना-संच देणे २०१७ मध्ये थांबविले. २०२५ मध्ये आलेले डेबियन १३ अशा जुन्या इंटेल यंत्रांवर नव्याने बसविता येत नाही.