सगळेच बुद्ध नसतात

लेण्यांत शिरल्यावर आमच्या आईचा एक ठरलेला परिपाठ असतो. आधी उंबऱ्याला हात लावायचा, मग समोर जी मूर्ती दिसेल तिला हात जोडायचे. अजिंठ्याला जोडले, वेरूळला जोडले. मागच्या हिवाळ्यात औरंगाबादच्या (२०२३ पासून हे शहर छत्रपती संभाजीनगर झालं आहे) बीबी-का-मकबऱ्यामागच्या डोंगरातल्या लेण्यांतही जोडले. तेव्हा आमच्या अकरा वर्षांच्या कन्येनं विचारलं, "आजी, तू कुणाला नमस्कार केलास?"

"बुद्धाला."

"मग यानं मुकुट कसा घातलाय?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी इतकी वर्षं लेण्या पाहत आलो, पण खरं सांगायचं तर मीही कधीकाळी दगडात कोरलेल्या प्रत्येक शांत चेहऱ्याला बुद्धच म्हणत असे. सगळेच बुद्ध नसतात, हे पुढे वाचनातून कळलं. ओळखायची खूण तशी सोपी आहे. बुद्धानं राज्य सोडलं, तेव्हा त्याच्या अंगावर दागिना नसतो. साधं चीवर, डोक्यावर उंचवटा म्हणजे उष्णीष, आणि एके काळी जड कुंडलं वागवून लांबलेल्या, आता रिकाम्या असलेल्या कानाच्या पाळ्या. पुढची गोष्ट हात सांगतात. उजव्या हाताची बोटं जमिनीला टेकलेली असतील, तर तो बोधिवृक्षाखालचा क्षण. माराला उत्तर म्हणून पृथ्वीला साक्षीला बोलावलं, तो. दोन्ही हात छातीशी आणून बोटांची गुंफण केली असेल, तर धर्मचक्र फिरवणारा, उपदेश करणारा बुद्ध. हात मांडीत एकावर एक असतील, तर ध्यान.

मुकुट आणि अलंकार दिसले, की समजावं हा बोधिसत्त्व. स्वतः पैलतीराला जाण्याची योग्यता असूनही मागच्यांसाठी थांबलेला. हातात कमळ आणि मुकुटात अमिताभ बुद्धाची इवलीशी बैठी मूर्ती असेल, तर तो अवलोकितेश्वर. वज्र असेल तर वज्रपाणी. मुकुटात स्तूप दिसला तर मैत्रेय, पुढे येणारा बुद्ध.

आम्ही उभे होतो ते सातवं लेणं, साधारण सहाव्या शतकातलं. त्याच्या ओसरीत मागच्या भिंतीवर अवलोकितेश्वर उभा आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार छोटे देखावे कोरले आहेत. ही अष्टमहाभयं. आग, तलवार उगारलेला शत्रू, बेड्या, फुटणारं जहाज, सिंह, साप, पिसाळलेला हत्ती. प्रत्येक देखाव्यात घाबरलेली माणसं हात जोडून त्याचा धावा करताहेत आणि तो हवेतून त्यांच्याकडे झेपावतो आहे. सोपारा-कल्याणच्या बंदरांपर्यंत माल नेणाऱ्या व्यापाऱ्याला, तांड्याबरोबर रान तुडवणाऱ्याला ही भयं काही कल्पनेतली नव्हती. रोजच्या वाटेवरची होती.

मी एकेक देखावा मुलीला दाखवत होतो. आठव्याशी आलो आणि आईच बोलली, "हे काय रे?"

आठवं भय मृत्यूचं. आईच्या कुशीतलं मूल न्यायला आलेला मृत्यू.

आई तिथंच उभी राहिली. माझ्या आधी आमच्या घरात एक मुलगा होता. तीन वर्षांचा असताना घटसर्पानं गेला. घरात त्याचा फोटो नाही, नाव निघत नाही. मला हे कळलं तेही मावशीकडून, कॉलेजात गेल्यावर. आईला मी कधी विचारलं नाही आणि तिनं कधी सांगितलं नाही.

काहीतरी बोलायचं म्हणून मी तिला त्याच ओसरीच्या टोकाला नेलं. तिथल्या छोट्या दालनात एक जोडपं बसलं आहे, पांचिक आणि हारिती. हारितीची कथा मी सांगू लागलो. ती राजगृहातली यक्षिणी. स्वतःची पाचशे मुलं, पण लोकांची मुलं पळवून खायची. बुद्धानं तिचं सगळ्यांत धाकटं, सगळ्यांत लाडकं पोर भिक्षापात्राखाली लपवलं. ती वेड्यासारखी शोधत फिरली आणि शेवटी त्याच्यापाशी आली. बुद्ध म्हणाला, पाचशेंतलं एक हरवलं तर तुझी ही दशा. जिला एकच होतं, तिचं काय झालं असेल? त्या दिवसापासून हारिती मुलांची राखण करू लागली. भिक्षूंनी तिला रोज अन्न द्यायचं कबूल केलं. सातव्या शतकात भारतात आलेल्या इत्सिंग या चिनी भिक्षूनं लिहून ठेवलं आहे, की विहारांत भोजनशाळेपाशी तिची मूर्ती असे आणि तिला रोज नैवेद्य वाढला जाई. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तिचं स्वतंत्र दालन आहे; तिथं पायाशी पोरांची शाळाही कोरली आहे, पुढची अभ्यासात, मागची खेळण्यात दंग! नेपाळात स्वयंभू स्तूपाजवळ तिचं देऊळ आहे, आणि जपानपर्यंत तिची पूजा पोचली.

"म्हणजे आपली सटवाईच की," आई म्हणाली. मग थोडं थांबून, "पण हिला ठाऊक होतं, मूल गेल्यावर काय होतं ते."

एवढं बोलून तिनं हारितीला हात जोडले. या वेळी नात काही विचारायला गेली नाही.

खाली उतरताना पायऱ्या खूप, म्हणून आईनं तिचा हात धरला होता. मी दोन पायऱ्या मागे होतो. अर्ध्या वाटेवर आई सहज सांगावं तसं म्हणाली, "तुला एक मोठा काका होता हं. वसंता. गूळ-पोळी फार आवडायची त्याला."

मी मुद्दामच आणखी मागे राहिलो. त्याचं नाव मी पहिल्यांदाच ऐकत होतो.