एक विडी ओढली गेली. आता पुढे काय?

घोडेगावच्या कांदा मार्केटमध्ये लिलाव लांबतो, चहा येतो आणि शेजारचा विडी पुढे करतो. वीस दिवस बंद असलेली विडी पेटते. ‘गेलं सगळं पाण्यात’ म्हणत संध्याकाळपर्यंत अख्खं बंडल संपतं. नुकसान पहिल्या विडीपेक्षा या विचारानेच जास्त होतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट यांनी हाच फरक मांडला होता: एकदा घसरणं वेगळं आणि व्यसनात परतणं वेगळं.

विडी सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वाधिक त्रासाचे असतात. तीन-चार आठवड्यांत तो बराच उतरतो. एका विडीने तुमचे वीस दिवस पुसले जात नाहीत. उरलेल्या विड्या लगेच फेका. ‘सोमवारपासून बघू’ ही पळवाट आहे, त्याच तासाला पुन्हा बंद करा.

मग घसरलो कुठे, ते शोधा. चहामुळे, सोबतीमुळे की रिकाम्या वेळामुळे? तलफ साधारण पाच-दहा मिनिटांत ओसरते; पुढच्या लिलावाला खिशात बडीशेप ठेवा आणि तेवढा वेळ ट्रॅक्टरकडे चक्कर मारा. विडीऐवजी तंबाखू-चुना मात्र नको, निकोटिन त्यातही असतंच.

मोफत सल्ल्यासाठी राष्ट्रीय क्रमांक 1800-11-2356 आहे. तो पाकिटावरच छापलेला असतो. फेकण्याआधी लिहून घ्या.