माशी, खाच आणि शिस्त

बीदर जिल्ह्यातल्या संतपुराकडच्या मराठी घरांत मुलाला ‘शिस्तीत बस’ म्हणून दटावणाऱ्या वडीलधाऱ्याच्या ध्यानीही नसते की तो शब्द मूळचा शस्त्रधाऱ्यांचा आहे. फारसीत ‘शस्त’ म्हणजे अंगठा, आणि प्रत्यंचा ओढताना तीरंदाज त्यात घालीत असे ते कडे. तेथून तो नेमाचा वाचक झाला, आणि जुन्या मराठीत बंदुकीची शिस्त धरणे म्हणजे नळीच्या टोकावरची माशी, डोळ्याजवळची खाच आणि लक्ष्य ही तिन्ही एका रेषेत आणणे. वर्तनाचा अर्थ त्याला मागाहून चिकटला. बंदुकांची तुलना करताना लोक प्रथम पल्ला विचारतात. मला मात्र ती शिस्तीवरून करावी असे वाटते.

बीदरच्या किल्ल्याने दारूगोळ्याचे सामर्थ्य पुरते भोगले आहे. 1657 साली औरंगजेबाने त्याला वेढा घातला तेव्हा विजापूरकरांचा किल्लेदार सिद्दी मर्जान 27 दिवस झुंजला. शेवटी एका अग्निबाणाची ठिणगी बुरुजामागच्या दारूच्या साठ्यात पडली, किल्लेदार व त्याचे पुत्र होरपळले, आणि विजेत्यांच्या हाती 230 तोफा लागल्या. इतक्या तोफा असूनही निकाल लागला तो एका ठिणगीने, हे विसरता येत नाही.

शिपायाच्या हातात त्या काळी तोड्याची बंदूक असे. नळी लांब, दस्ता सडपातळ व सरळ. चाप दाबला की जळती जामगी, म्हणजे वात, रंजकाच्या दारूकडे झुके, नळीच्या कान्यातून आग आत शिरे आणि क्षणभराने बार उडे. या यंत्राची लोक उगीच हेटाळणी करतात. जामगी बोटाच्या दाबाबरोबर हळूच उतरत असल्याने नळीला धक्का बसत नसे. चकमकीच्या बंदुकीत घोड्याचा आघात नेम हलवी, तो दोष हिच्यात नव्हता. खरी उणीव दोन ठिकाणी होती: पावसात जामगी विझे, आणि नळी आतून गुळगुळीत असल्याने शंभरेक पावलांपलीकडे माशी कितीही नेमकी असली तरी गोळी तिचे ऐकत नसे. पुढे टोपीची बंदूक आली, पावसाची भीती गेली. पण दारू ओतून, गोळी घालून गजाने ठासण्याचे काम तसेच राहिले.

‘थ्री नॉट थ्री’ने मात्र सर्वच हिशेब बदलला. एकेकाळी ईशापूरच्या कारखान्यातही तयार होत असलेल्या या ली-एनफील्ड रायफलीच्या नळीला आटे, पोटात दहा काडतुसे, आणि बोल्ट इतका सुटसुटीत की खांद्यावरून दस्ता न काढता शिपाई तो फिरवू शके. तिच्या जुन्या नमुन्यात मागची खाच नळीवर पुढे असे, म्हणून खाच व माशी यांतील अंतर सुमारे 19 इंच. चौथ्या नमुन्यात खाचेऐवजी बारीक छिद्र डोळ्यापाशी आणले आणि ते अंतर 28 इंचांवर गेले. अंतर वाढले की हाताची चूक लक्ष्यावर कमी उमटते. छिद्राचा लाभ आणखी मोठा: खाच, माशी व लक्ष्य अशा तीन ठिकाणी दृष्टी धावत होती, ती आता दोनच ठिकाणी, छिद्राचा मध्य डोळा आपोआप शोधतो. संधिप्रकाशात मात्र ते छिद्र अंधारते, आणि जुनी उघडी खाचच बरी वाटते.

बंदुकांच्या या पिढ्यांची भेट 1948 साली आपल्याच मुलखात झाली. 13 सप्टेंबरला मेजर जनरल चौधरी यांचे भारतीय सैन्य सोलापुराहून नळदुर्गाच्या रोखाने हैदराबाद संस्थानात शिरले, तेव्हा समोर संस्थानी फौजेच्या रायफली होत्या, तशा निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांच्या हाती ठासणीच्या बंदुकाही होत्या. त्याआधीच्या महिन्यांत सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून निजामासाठी चोरवाटेने शस्त्रे आणीत होता, आणि त्याच्या उतरण्याच्या ठिकाणांत बीदरचा विमानतळही होता. पाच दिवसांत सारे आटोपले. निजामाच्या पराभवाची कारणे शस्त्रांपेक्षा कितीतरी मोठी होती. तरीही एवढे निश्चित की शस्त्रांची पेटी रातोरात उतरवता येते, नेमबाज उतरवता येत नाही. तो घडायला महिने लागतात: श्वास अर्धा सोडून थांबवायचा, चापाची पहिली ढील काढून घ्यायची, दुसरा दाब असा चढवायचा की बार आपल्यालाच अनपेक्षित वाटावा. आणि सर्वांत कठीण ते हे की नजर लक्ष्यावर न ठेवता माशीवर ठेवायची. माशीची कडा स्वच्छ दिसते आहे आणि समोरचा माणूस धूसर झाला आहे, तेव्हाच शिस्त धरली गेली असे समजायचे.