कसोटीचीही कसोटी

माणूस आजारी पडला म्हणजे पूर्वी घरात प्रथम वैद्याची वाट पाहिली जाई. आता रक्ततपासणीच्या कागदाची पाहिली जाते. त्या कागदावर छापील आकडे असतात, खाली सही-शिक्का असतो. आणि छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवण्याची सवय आम्हां सुशिक्षितांच्या अंगी चांगलीच मुरलेली आहे. नवे औषध निघाले, तर ‘याचा गुण सिद्ध झाला आहे काय?’ असे आपण निदान विचारतो तरी. तपासणीला मात्र हा प्रश्न कोणी विचारीत नाही. तपासणी म्हणजे कसोटी, आणि कसोटीवर शंका ती काय घ्यायची! परंतु सोन्याचा कस खरा की खोटा, हे सोनाराच्या दगडावरही अवलंबून असते. रोगाचे चिन्ह म्हणून पुढे केलेली प्रत्येक गोष्ट औषधाइतक्याच कठोरपणे पारखली गेली पाहिजे, आणि तशी पारख होण्यापूर्वी ती रोग्याला विकली जाता कामा नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. हा नियम मोडला म्हणजे काय होते, याचा धडा आपल्या देशाला क्षयरोगाच्या बाबतीत मिळालेला आहे. आणि तो फुकट मिळालेला नाही.

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांनी क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला. शतकानुशतके ज्या राजयक्ष्म्याने घरेच्या घरे ओस पाडली, त्याचे मूळ सूक्ष्मदर्शकाखाली प्रथमच दिसले. रोग्याच्या बेडक्यात रोगाचा जंतू दिसावा, याहून सरळ रोगचिन्ह दुसरे कोणते? परंतु याच कॉख यांनी १८९० साली क्षयावर ‘ट्यूबरक्युलिन’ नावाचा उपाय सापडल्याचे घोषित केले. त्यातील द्रव्ये त्यांनी आरंभी गुप्त ठेविली. देशोदेशीचे रोगी आशेने बर्लिनकडे धावले, आणि थोड्याच काळात त्या आशेची राख झाली. तेच द्रव्य पुढे त्वचेत टोचून घ्यावयाच्या तपासणीसाठी उपयोगी पडले. मात्र ती तपासणीही एवढेच सांगते की, या माणसाच्या शरीरात क्षयाचा जंतू कधीतरी शिरला होता. आज त्याला क्षय झालेला आहे, असे ती सांगत नाही. जंतूचा शिरकाव निराळा आणि रोग निराळा, हा भेद लक्षात ठेवावयास हवा. पुढचा सारा अनर्थ तो विसरल्यामुळेच घडला.

कॉख यांच्यासारख्या महापुरुषाचाही शब्द पुरेसा नसेल, तर प्रमाण कोणाचे मानावयाचे? याचे उत्तर विसाव्या शतकाच्या मध्यास मिळाले. १९४३ साली अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिन सापडले, पण युद्धाने खंगलेल्या ब्रिटनच्या वाट्याला ते अगदी थोडे येत होते. सर्वांना पुरणार नाही, तर कोणाला द्यावे? ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाने या टंचाईतूनच न्यायाची वाट काढली. तरुणपणी ते स्वतः क्षयाने अंथरुणाला खिळले होते. त्यांच्या योजनेप्रमाणे १०७ रुग्णांची विभागणी बंद लिफाफ्यांतील चिठ्ठ्यांनी झाली. डॉक्टरांच्या दयेला किंवा ओळखीपाळखीला तेथे वाव ठेवला नाही. ५५ जणांना विश्रांतीबरोबर औषध मिळाले, ५२ जणांना केवळ विश्रांती. सहा महिन्यांनंतर पहिल्या गटातील ४ रुग्ण दगावले होते, दुसऱ्यातील १४. हा निकाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. आणखी एक कटु सत्यही याच प्रयोगाने उघड केले. एकट्या औषधाला जंतू सरावतात आणि मग ते त्याला जुमानीत नाहीत. प्रामाणिक प्रयोगाचे लक्षण हेच की, तो आपल्याला हवे असलेलेच उत्तर देत नाही.

हीच पद्धती १९५६ साली मद्रासला आली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून तेथे क्षयरोग रसायनोपचार केंद्र उघडले. प्रश्न साधा, पण लाखो गरिबांच्या जिवाशी निगडित होता: सॅनेटोरियममधील खाटा मूठभर आणि रोगी असंख्य, अशा देशात औषधे देऊन रोग्याला घरीच ठेवले तर चालेल काय? पुन्हा चिठ्ठ्यांनी दोन गट पाडले. सॅनेटोरियममधल्या रोग्यांना विश्रांती होती, अन्न चांगले होते. घरच्यांच्या वाट्याला मद्रासच्या गरीब वस्तीतील दाटीवाटी होती. तरीही १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत घरच्या उपचारांचा गुण सॅनेटोरियमच्या जवळजवळ बरोबरीचा आढळला, आणि घरातील इतर माणसांना अधिक प्रमाणात लागण झाल्याचेही दिसले नाही. जगभरच्या क्षयोपचाराची दिशा या प्रयोगाने बदलली. औषध कसे पारखावे, हे ज्या देशात जगाने पाहिले, त्याच देशाने तपासणीची पारख करण्याचे मात्र दीर्घकाळ टाळले!

एकविसाव्या शतकाच्या आरंभी आपल्याकडे क्षयाच्या निदानासाठी रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी सर्रास होऊ लागली. शरीर जंतूशी झुंजण्यासाठी जे पदार्थ रक्तात निर्माण करते, ती ही प्रतिपिंडे. ती सापडली की क्षय आहे असे मानावयाचे, ही त्यामागची कल्पना. ऐकावयास ती पटते. किंबहुना पटते म्हणूनच ती घातक ठरली. आपल्या देशात असंख्य निरोगी माणसांच्या शरीरात क्षयाचा जंतू निद्रिस्त असतो. त्यांच्या रक्तातही प्रतिपिंडे असू शकतात. उलट, ज्याचे शरीर रोगाने पोखरले आहे, अशा रोग्याच्या रक्तात ती पुरेशी नसण्याचाही संभव असतो. म्हणजे चोर सुटावा आणि साव पकडला जावा, असा हा पहारेकरी!

थोडे अंकगणित केले म्हणजे ही गोष्ट अधिक उमगेल. समजा, खोकल्याने त्रासलेल्या १००० माणसांपैकी ५० जणांना खरोखर क्षय आहे. समजा, एखादी तपासणी शंभरांतील ९० रोगी अचूक ओळखते आणि शंभर निरोगी माणसांतील १० जणांवरच चुकीचा शिक्का मारते. वरवर पाहता ही उत्तम तपासणी. परंतु तिने ५० पैकी ४५ रोगी ओळखले, आणि उरलेल्या ९५० पैकी ९५ निरोगी माणसांना रोगी ठरविले. एकूण १४० जणांच्या हाती ‘क्षय आहे’ असा कागद पडला, आणि त्यांतील दोन तृतीयांशांहून अधिक लोकांना क्षय नव्हताच. प्रतिपिंडांच्या तपासण्या तर या काल्पनिक तपासणीइतक्याही भरवशाच्या नव्हत्या.

जागतिक आरोग्य संघटनेने उपलब्ध अभ्यासांची छाननी करून जुलै २०११ मध्ये या तपासण्या वापरू नयेत, असे निःसंदिग्धपणे बजावले. प्रचारात असलेल्या क्षयाच्या तपासणीविरुद्ध या संघटनेने असा स्पष्ट नकार देण्याची ती पहिलीच वेळ होती. अशा दहा लाखांहून अधिक तपासण्या दरवर्षी होत होत्या, आणि पुष्कळ रुग्ण एकेका तपासणीसाठी ३० डॉलरपर्यंत रक्कम मोजीत होते. त्यांतील बहुतेक साहित्य युरोप-अमेरिकेत बनत होते. परंतु कोणत्याही मान्यताप्राप्त नियामक संस्थेची त्याला संमती नव्हती. भारत सरकारने जून २०१२ मध्ये या तपासण्यांच्या आयातीवर, उत्पादनावर व विक्रीवर बंदी घातली. ही बंदी योग्यच होती. पण बंदी येण्यापूर्वी ज्या निरोगी माणसाने महिनोन् महिने कडक औषधे घेतली, आणि ज्या रोग्याला ‘तुम्हांला काही नाही’ असे सांगून घरी पाठविले गेले, त्यांचा हिशेब कोणत्या वहीत मांडावयाचा?

ही तपासणी इतकी का खपली, हेही पाहिले पाहिजे. बेडका तपासणे किळसवाणे, वेळखाऊ. रक्त काढणे स्वच्छ आणि झटपट. परंतु एवढेच कारण नव्हते. तपासणी लिहून देणारा आणि ती करणारा यांच्यात पैशाचे गुप्त नाते असले, म्हणजे निरुपयोगी तपासणीही आवश्यक वाटू लागते. या ‘कट प्रॅक्टिस’ला आळा घालण्यासाठी २०१७ साली महाराष्ट्रात कायद्याचा मसुदा तयार करावा लागला, यावरून ही कीड किती खोलवर गेली होती, याची कल्पना यावी.

आमचा रोख प्रयोगशाळेवर नाही. पारखलेली तपासणी काय करू शकते, याची उदाहरणेही क्षयरोगातच आहेत. बेडक्यातील जंतूचे जनुकच ओळखणारे ‘जीन-एक्सपर्ट’ यंत्र २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. क्षय आहे की नाही आणि रिफॅम्पिसिन हे प्रमुख औषध लागू पडेल की नाही, ही दोन्ही उत्तरे ते दोन तासांच्या आत देते. गोव्यातील एका कंपनीने बनविलेले, विजेच्या घटावर चालणारे ‘ट्रूनॅट’ यंत्रही कसाला उतरले आणि २०२० साली त्यालाही ही मान्यता मिळाली. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाने मुंबईसारख्या दाटीच्या शहराला ग्रासलेले असताना या अचूक निदानाचे मोल काय वर्णावे! अशा क्षयाचे उपचार एके काळी दीड-दोन वर्षे चालत, आणि त्यातील इंजेक्शनांनी कित्येकांची श्रवणशक्ती हिरावून घेतली. बेडाक्विलिनसह चार औषधांच्या, केवळ गोळ्यांच्या सहा महिन्यांच्या उपचाराची शिफारस २०२२ साली झाली, आणि भारताने २०२४ मध्ये तो स्वीकारला. योग्य रोग्याला योग्य औषध मिळते ते खऱ्या रोगचिन्हामुळेच.

आणि खरे चिन्ह महागच असले पाहिजे, असेही नाही. झारखंडमधील २,८०० क्षयरुग्णांना आणि त्यांच्या घरातील १०,३४५ माणसांना सामावून घेणाऱ्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. ज्या रुग्णांच्या घरच्यांनाही पुरेसे धान्य व पोषक आहार दिला, त्या घरांतील माणसांत क्षयाची नवी लागण ३९ टक्क्यांनी घटली. रुग्णांपैकी ज्यांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्क्यांनी वाढले, त्यांच्या मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. म्हणजे रोग्याचे पुढे काय होणार, हे दवाखान्याच्या कोपऱ्यातला साधा वजनकाटा सांगत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असा हा प्रकार नव्हे काय?

क्षय हा गरिबांचा रोग, आपल्याला त्याचे काय, असे ज्यांना वाटत असेल त्यांनी आपल्या घरी येणाऱ्या ‘संपूर्ण आरोग्य तपासणी’च्या जाहिराती पाहाव्यात. स्त्रियांच्या अंडाशयाच्या कर्करोगासाठी ‘सीए-१२५’ हे रोगचिन्ह त्यांतील काही पॅकेजांत असते. आधीच निदान झालेल्या रोग्याच्या उपचारात ते उपयोगी आहे, यात शंका नाही. परंतु धडधाकट स्त्रियांत ते शोधल्याने जीव वाचतात काय? अमेरिकेत ७८,२१६ स्त्रियांवर झालेल्या प्रयोगाने २०११ साली, आणि ब्रिटनमधील दोन लाखांहून अधिक स्त्रियांवरील प्रयोगाने २०२१ साली उत्तर दिले: मृत्यू कमी होत नाहीत. अमेरिकेतील प्रयोगात तपासणी व सोनोग्राफी यांनी ३,२८५ स्त्रियांवर कर्करोगाचा खोटा संशय घेतला, त्यांतील १,०८० जणींवर शस्त्रक्रिया झाली, आणि त्यांपैकी सुमारे १५ टक्के स्त्रियांना गंभीर उपद्रव सोसावे लागले. ‘तपासून घेतले तर बिघडले काय?’ असे आपण सहज म्हणतो. काय बिघडते, ते या आकड्यांत लिहिलेले आहे.

तेव्हा सरकारकडे आमची मागणी अशी की, कोणत्याही नव्या तपासणीला बाजार खुला करण्यापूर्वी तिची आपल्याच लोकांवर, आपल्याच परिस्थितीत निःपक्षपाती पारख व्हावी आणि तिचे निकाल, अनुकूल असोत वा प्रतिकूल, जनतेपुढे मांडले जावेत. वैद्यक व्यवसायाने हे ध्यानी घ्यावे की, चिठ्ठीवर लिहिलेली प्रत्येक तपासणी ही औषधाइतकीच जबाबदारीची गोष्ट आहे. आणि नागरिकांनी डॉक्टरांना नम्रपणे, पण निर्भयपणे तीन प्रश्न विचारावेत: ही तपासणी कशासाठी? ती किती वेळा चुकते? आणि तिचे उत्तर काहीही आले, तरी माझ्या उपचारात काही फरक पडणार आहे काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर ते रक्त शरीरातच राहिलेले बरे.

शंका घेणे म्हणजे शास्त्राचा अपमान नव्हे. शास्त्र उभे राहिले ते शंकेवरच. १९४७ मध्ये ब्रिटनमधल्या आणि १९५६ नंतर मद्रासमधल्या रुग्णांनी चिठ्ठीच्या कौलाला आपले जीव हवाली केले, तेव्हा कोठे आपल्याला खात्रीची औषधे लाभली. त्यांच्या त्या विश्वासाचे ऋण आपल्यावर आहे. न पारखलेल्या कागदापुढे मान तुकवून ते फिटणार नाही.