‘पोर्ट टी’ची तहान

नकाशावर बोट ठेवून ‘इथे तळ हवा’ म्हणणं सोपं असतं. १९४१ मध्ये ब्रिटिश नौदलाने असंच बोट ठेवलं, ते मालदीवच्या दक्षिण टोकाच्या अड्डू प्रवाळद्वीपांवर. जपानशी युद्ध पेटलंच, तर सिंगापूर आणि सिलोनच्या पाठीशी एखादं गुप्त बंदर असावं, असा विचार होता. अड्डू विषुववृत्ताच्या किंचित खाली, कोलंबोपासून सुमारे हजार किलोमीटरवर. कागदोपत्री त्याचं नावही येऊ नये म्हणून सांकेतिक नाव ठरलं: ‘पोर्ट टी’.

जागा पाहिली तर निवड चोख होती. बेटांची आणि प्रवाळखडकांची कडी, तिच्या आत खोल, शांत पाणी, आणि खडकांतून आत शिरायला मोजक्याच वाटा. आख्खा ताफा तिथे नांगर टाकू शकत होता. कॅटालिनासारख्या विमानांना तर धावपट्टीही नको, ती सरळ आतल्या पाण्यावर उतरत. रॉयल मरीनचे सैनिक आले, किनाऱ्यावर तोफा बसल्या, तेलवाहू जहाजं आत येऊन उभी राहिली. पुढे अड्डूतल्याच गान बेटावरची माडांची राई तोडून धावपट्टी झाली. बेट इतकं चिमुकलं, की तिथल्या रहिवाशांना शेजारच्या बेटांवर हलवावं लागलं. योजना आखणाऱ्यांना हा सर्वांत सोपा भाग वाटला असावा.

अवघड भाग होता पाण्याचा. अशा बेटांवर ना नदी, ना डोंगर. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर पातळ थर होऊन तरंगतं. गावापुरत्या विहिरी त्यावर चालतात. जास्त उपसलं की खालून खारं पाणी वर येतं. तेव्हा हजारो खलाशांचं पिण्याचं पाणीही तेलासारखंच बाहेरून आणायचं.

एप्रिल १९४२ मध्ये या हिशेबाची कसोटी लागली. जपानचे ॲडमिरल नागुमो पाच विमानवाहू जहाजं घेऊन सिलोनकडे निघाले होते. ॲडमिरल सॉमरव्हिल यांचा ब्रिटिश ताफा सिलोनच्या दक्षिणेला त्यांची वाट पाहत थांबला. पण त्यातल्या चार ‘आर’ वर्गाच्या युद्धनौका पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या, आणि त्यांच्यावरचं गोडं पाणी संपत आलं. शत्रूचा पत्ता नाही, तेलही हवं. सॉमरव्हिल अड्डूकडे वळले. ४ एप्रिलला तिथे पोचले आणि त्याच दिवशी कॅटालिनाचा वैमानिक लेनर्ड बर्चल याला जपानी ताफा दिसला.

दुसऱ्या दिवशी कोलंबोवर बॉम्ब पडले. ‘डॉर्सेटशायर’ आणि ‘कॉर्नवॉल’ या क्रूझर सॉमरव्हिल यांना गाठायला निघाल्या होत्या. जपानी विमानांनी त्या वाटेतच बुडवल्या, ४२४ जण गेले. ९ एप्रिलला ‘हर्मीस’ हे विमानवाहू जहाजही गेलं. मुख्य ताफा मात्र नागुमोंच्या हाती लागला नाही. तो समोरासमोर सापडला असता तर टिकला नसता, असं मानायला भरपूर जागा आहे. पाण्याची टंचाईच ताफ्याच्या पथ्यावर पडली, असं म्हणावं लागतं! पुरेसं विमानसंरक्षण नसलेल्या अड्डूत फार काळ थांबणंही धोक्याचं होतं. वेगवान जहाजं मुंबईकडे निघाली, संथ युद्धनौका केनियातल्या किलिंदिनीकडे.

गुप्तता आणि संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मार्च १९४४ मध्ये पुन्हा दिसलं. जर्मन पाणबुडी यू-१८३ हिने खडकांच्या कडीबाहेर राहूनच, प्रवेशवाटेवरच्या जाळ्यातल्या फटीतून पाणतीर सोडला. आत नांगरलेल्या ‘ब्रिटिश लॉयल्टी’ या तेलवाहू जहाजाला तो लागला. पाणबुडीला आत शिरण्याची गरजच पडली नाही.

युद्धानंतर तळ बंद पडला. १९५० च्या दशकात हवाईदलासाठी गान पुन्हा उघडलं, सिंगापूरच्या वाटेवरचा थांबा म्हणून. बेटवासीयांना पुन्हा उठावं लागलं. शेजारच्या फेयदू बेटावर त्यांची सोय करताना तिथल्या लोकांनाही पुढच्या बेटावर सरकावं लागलं. १९७६ मध्ये ब्रिटिश कायमचे निघून गेले. ‘ब्रिटिश लॉयल्टी’ १९४६ मध्ये ब्रिटिशांनीच अड्डूच्या पाण्यात बुडवली. आज पाणबुडे पर्यटक तिच्यावर वाढलेली प्रवाळं पाहायला जातात, आणि गानच्या धावपट्टीवर प्रवासी विमानं उतरतात.