मशिदीची साखर

भायखळ्याला राहते म्हटले की समोरचा हमखास विचारतो, "दगडी चाळीजवळ का?" नाव काढले की लोकांना आधी सिनेमा आठवतो. २०१५ साली मराठीत 'दगडी चाळ' आला, २०१७ साली हिंदीत 'डॅडी'. शेजारच्या नागपाड्याचे तर विचारूच नका! पडद्यावरचा मुसलमान एक तर टोळीत असतो, नाही तर दर्ग्यात कव्वाली गात असतो. आमच्या मजल्यावर शिकवण्या घेणाऱ्या बाजी, साबू सिद्दीकमध्ये डिप्लोमा करणारी मुले, फजरला उठून गाडी पकडणारे बाप तिथे कधी दिसत नाहीत.

म्हणून मी छोटे सिनेमे पाहू लागले. छोटे म्हणजे कमी पैशांत केलेले, मोठे नट नसलेले, पुष्कळदा परदेशी. दादरच्या प्रभात चित्र मंडळासारख्या फिल्म सोसायटीने १९६८ पासून असे सिनेमे मुंबईकरांना दाखवले. आता ते घरबसल्याही सापडतात. सिनेमाच नको, असे मानणारी घरे आपल्यात आहेत. माझे नानाही त्यातलेच होते आणि त्यांच्या मताचा मला आदर आहे. पण ज्या घरात मोबाइल आला आहे तिथे मुले काहीतरी पाहणारच. मग काय पाहावे, याचा विचार आईबापांनी का करू नये?

सुरुवात 'चिल्ड्रेन ऑफ हेवन'ने करावी. इराणच्या माजिद मजिदी यांचा हा सिनेमा १९९७ चा. अलीच्या हातून बहिणीचे, जहराचे बूट हरवतात. नवे घ्यायला बापाकडे पैसे नाहीत. मग अलीचे बूट घालून आधी जहरा शाळेत जाते, ती धावत परत आली की तेच बूट घालून तो पळतो. मुलांना ही धावपळ आवडते. मला मात्र आवडतो तो त्यातला एक अगदी साधा प्रसंग. बाप मशिदीसाठी साखरेचे खडे फोडत बसला आहे, समोर ढीग पडलाय. जहरा चहा आणून देते, तर तो तिच्याकडे साखर मागतो. इतकी साखर समोर असताना? बाप सांगतो, ही मशिदीची आहे, आपल्याकडे विश्वासाने दिलेली. बस्स, एवढेच. ना भाषण, ना संगीत. अमानत म्हणजे काय, हे माझ्या भाचीला त्या एका खड्याने समजले.

परदेशी म्हणजे चांगलेच, असे मात्र समजू नका. हेच मजिदी पुढे आपल्या मुंबईत आले आणि त्यांनी 'बियाँड द क्लाउड्स' केला. तो २०१८ मध्ये लागला. अमली पदार्थ, तुरुंग, धोबीघाट – पाहुण्याला जी मुंबई दाखवतात तीच त्यात आहे. आपल्या गल्लीतला बाप त्यांना दिसला होता, आमच्या गल्लीतला दिसला नाही.

तो दिसला सईद अख्तर मिर्झांना. त्यांच्या 'सलीम लंगडे पे मत रो' (१९८९) मध्ये वस्तीतला दादा आहे, पण त्याला घरही आहे: आई-बाप आहेत, लग्नाची बहीण आहे, आणि तिच्यासाठी आलेले स्थळ उर्दू वर्तमानपत्रात मुद्रितशोधन करणाऱ्या सुशिक्षित तरुणाचे आहे. 'नसीम' (१९९५) मध्ये १९९२ सालच्या मुंबईतली शाळकरी मुलगी आणि तिचे अंथरुणाला खिळलेले दादाजान आहेत. दादाजान झालेत कैफी आझमी. एके काळी मदनपुऱ्यात गिरणी कामगारांत काम केलेले कैफीसाहेब आमच्या शेजारपाजारचेच वाटतात. अब्बांनी तो डिसेंबर इथेच काढला आहे. 'नसीम' संपल्यावर ते काहीच बोलले नाहीत. इशासाठी उठले आणि नेहमीपेक्षा उशिरा परतले.

आता आमच्या घरची गोष्ट. दादीची देखभाल करायला एक ताई येतात. मागच्या वर्षी कपाटातले दीड हजार रुपये कमी भरले. कोणी उघड बोलले नाही. पण ताई आल्या की कपाटाला कुलूप लागू लागले आणि ते त्यांनाही दिसत होते.

त्याच आठवड्यात मी असगर फरहादी यांचा 'अ सेपरेशन' (२०११) लावला. खालच्या ओळी वाचून मी अम्मीला मराठीत सांगत होते. त्यात विस्मृती झालेल्या म्हाताऱ्याला सांभाळायला एक गरीब बाई येते. त्याचे कपडे खराब होतात, तेव्हा परपुरुषाचे कपडे आपण बदलले तर गुनाह होईल का, हे ती आधी फोन करून विचारते. पुढे मालक तिच्यावर चोरीचा आळ घेतो. ते पैसे खरे तर त्याच्याच बायकोने सामान हलवणाऱ्या मजुरांना दिलेले असतात. शेवटी कुरआनवर हात ठेवून शपथ घेतली तर त्या बाईला नुकसानभरपाई मिळणार असते. घरात कर्ज आहे, पण मनात शंका आहे, म्हणून ती शपथ घेत नाही.

मोठ्या सिनेमात दीन म्हणजे टोपी आणि सुरमा. या सिनेमांत दीन म्हणजे गरजेच्या वेळी मागे घेतलेला हात. माझ्या आवडीचे कारण विचाराल तर एवढेच आहे.

अम्मी शेवटपर्यंत पाहत राहिली. मग म्हणाली, "तिला विचारायला तरी सुचलं. आपण ताईंना काय विचारलं?" दुसऱ्या दिवशी तिने कपाटाची किल्ली कुलपालाच लावून ठेवली, ताईंना चहाला शेजारी बसवले आणि सगळे स्पष्ट सांगून माफी मागितली. ताई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मला माहीत होतं, खाला."

ते पैसे आजवर सापडलेले नाहीत. ताई अजून येतात.