ढोलीचे झाड आणि घनमीटरचा हिशेब

२५ नोव्हेंबर १९९७. शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याच्या रानात पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या तीन अमेरिकी पक्षी-अभ्यासकांना एका पर्णहीन झाडावर एक बुटके, मोठ्या डोक्याचे घुबड दिसले. भर उन्हात निवांत बसलेला तो रानपिंगळा होता. १८८४ नंतर त्याची एकही विश्वासार्ह नोंद नव्हती आणि अनेकांनी तो नामशेष झाल्याचे धरले होते. जवळजवळ सव्वाशे वर्षांपूर्वी, १८७३ मध्ये, ॲलन ह्यूमने त्याचे शास्त्रीय वर्णन केले, तर शेवटचे नमुने जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने खानदेशातच गोळा केले होते.

शोध लांबण्यात एका चोरीचाही हात होता. रिचर्ड माइनर्टझहागेन या ब्रिटिश सेनाधिकाऱ्याने हा पक्षी १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीला मिळाल्याचे सांगितले होते. तो नमुना त्याने लंडनच्या संग्रहालयातून उचलला होता आणि चिठ्ठी बदलून आपल्या नावावर खपवला होता. मुळात तोही डेव्हिडसननेच जमवलेला. रासमुसेन यांनी हे उघडकीस आणले नसते, तर शोध घेणारे अजून मांडवीच्या आसपासच फिरत राहिले असते.

पण या कथेत खरा विचार करण्यासारखा भाग पुढेच आहे. रानपिंगळा ज्या रानात सापडला ते माणसाचा हात न लागलेले घनदाट अरण्य नव्हते. ते साग भरपूर असलेले शुष्क पानझडीचे रान होते. लाकूडतोडीचे कूप पडून गेलेले, गुरे चरलेले, सरपणाला तोडलेले. पुढे तोरणमाळ परिसरात असद रहमानी, फराह इश्तियाक आणि गिरीश जठार यांनी या पक्ष्याचा अभ्यास केला. त्यातून दिसले की दिवसाउजेडी शिकार करणाऱ्या या पक्ष्याला झाडांमधली मोकळी जागा लागते. सरडे, उंदीर आणि मोठे कीटक हे त्याचे खाद्य. सागाशी त्याचे वैर नाही. मात्र घरट्यासाठी त्याला जुन्या, जाड बुंध्याच्या झाडातली ढोली हवी. ती मिळाली नाही, तर बाकीचे सारे असून उपयोग नाही.

इथेच लाकडाचा हिशेब आडवा येतो. रोपवनात सागजडी (सागाची मुळासकट छाटलेली रोपे) दोन-दोन मीटरवर लावली जाते. मग ठरावीक वर्षांनी विरळणी होते आणि वाकडी, रोगट, पोकळ झाडे आधी काढली जातात. उरलेली सरळसोट वाढून साठ-सत्तर वर्षांनी तोडणीला येतात. वनाधिकाऱ्याच्या दृष्टीने यात काही चूक नाही. पोकळ झाडातून घनमीटर मिळत नाहीत. पण धनेश, पोपट, वटवाघळे, मधमाश्या आणि रानपिंगळा या सर्वांचे बिऱ्हाड असते ते नेमके अशाच झाडात. रोपवनात झाडे भरपूर असतात, पण ती एका वयाची असतात. रान म्हणजे आजोबा, नातू आणि मोडक्या काठीवर टेकलेला पणजोबा, सगळे एका अंगणात.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. त्याच्या रानाचा इतिहास मात्र बराच जुना आणि गुंतागुंतीचा आहे. इंग्रजी अमलात ही राने राखीव झाली आणि लाकूड हे त्यांचे पहिले काम ठरले. १९९० च्या दशकात सरदार सरोवराच्या विस्थापितांसाठी तळोद्याचे हजारो हेक्टर वन मोकळे करण्यात आले. डेव्हिडसनने जिथे पक्षी गोळा केले होते, त्याच पट्ट्यात आता शेती आहे. धरणाने गावे बुडवली आणि त्यांच्या पुनर्वसनाने रान घेतले. दोष विस्थापितांना देणे सोपे आहे आणि अन्यायाचे आहे.

उजाड जमीन पुन्हा हिरवी करायची म्हटली की देशोदेशी एकच मार्ग सोपा वाटतो: एकाच जातीची लागवड. २०१९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या पाहणीनुसार, वनपुनर्स्थापनेच्या आंतरराष्ट्रीय वचनांपैकी ४५ टक्के क्षेत्र एकसुरी लागवडीसाठी राखले होते, तर नैसर्गिक वन वाढू देण्यासाठी केवळ ३४ टक्के. पण लाकूड आणि जैवविविधता यांत कायम भांडणच असते असेही नाही. ब्राझीलच्या अटलांटिक वनात निलगिरीच्या ओळींमध्ये स्थानिक झाडे लावली गेली. सुमारे पाच वर्षांनी निलगिरी विकून पुनर्स्थापनेच्या खर्चाचा ४४ ते ७५ टक्के वाटा निघाला आणि स्थानिक झाडांना विशेष धक्का बसला नाही.

पनामात अग्वा सालुद प्रकल्पातील जमिनीवर साग नीट वाढला नाही, कारण तिथली चिकण, आम्ल माती त्याला मानवत नाही. संशोधकांनी सागाच्या सावलीत स्थानिक किमती झाडे लावली. त्यांत डाल्बर्जिया आणि टर्मिनालिया या प्रजातींतली झाडे आहेत. आपला शिसव आणि ऐन याच प्रजातींतले. परक्या देशात जे मुद्दाम लावावे लागते ते सातपुड्यात खुंटातून आपोआप फुटते. फक्त त्याला ‘तण’ समजून छाटू नये.

स्थानिक उदाहरण हवे असेल तर शेजारच्या धुळे जिल्ह्यातले, साक्री तालुक्यातील बारीपाडा आहे. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून गावाने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली. चारशेहून अधिक हेक्टर रान उभे राहिले आणि २०२५ मध्ये पवारांना पद्मश्री मिळाली. २००४ पासून तिथे भरणाऱ्या वनभाजी स्पर्धेत दिसते की रानाचा हिशेब लाकडापलीकडेही मांडता येतो. पण बारीपाड्याचे यश बंदीवर उभे आहे. तिथे लाकूड बाजाराला काढायचा प्रश्नच गावाने बाजूला ठेवला. नंदुरबारच्या अक्राणी-अक्कलकुव्यात, जिथे घराला वासे हवेत, चुलीला सरपण हवे आणि आमचूर-मोह-चारोळीतून वर्षाच्या कमाईत भर पडते, तिथे नुसती बंदी किती टिकेल याविषयी शंका आहे.

वनहक्क कायदा २००६ ने ग्रामसभेला गौण वनोपजावर मालकी दिली. बांबू त्यात आला. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने २०११ मध्ये स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकूनही दाखवला. मात्र इमारती लाकूड या व्याख्येबाहेर राहिले. परिणामी एकाच उतारावर दोन मालकांचे दोन हिशेब चालतात. मोहाचा फायदा गावाला, सागाचा सरकारला. ढोलीचे झाड दोघांच्याही खात्यात बसत नाही आणि म्हणून त्याची राखण कोणीच करत नाही.

जागतिक पातळीवर रानपिंगळ्याचे प्रौढ पक्षी हजारापेक्षा कमी असल्याचा अंदाज आहे. मेळघाट, यावल, तानसा, डांग इथेही तो आढळला, तरी त्याचा हा पुनर्शोध नंदुरबारच्या मातीतला आहे, त्यामुळे पहिली जबाबदारीही इथलीच.

नंदुरबार आणि मेवासी वनविभागांच्या पुढच्या कार्य आयोजनेत (वनव्यवस्थापनाच्या आराखड्यात) दोन कलमे हवीत. एक, विरळणीपूर्वी प्रत्येक कूपातली जुनी व पोकळ झाडे मोजून, खूण करून कायम राखावीत. दोन, विरळणीच्या सागातून मिळणाऱ्या पैशाचा ठरलेला वाटा ग्रामसभेला द्यावा, म्हणजे त्या खुणेच्या झाडावर कुऱ्हाड पडताना गाव गप्प बसणार नाही. आयोजना अंतिम होण्यापूर्वी तिचा मसुदा धडगाव, मोलगी, तोरणमाळच्या ग्रामसभांत पावरी-भिलीत वाचून दाखवावा आणि आक्षेप लिहून घ्यावेत, ही मागणी जिल्ह्यातल्या वाचकांनी आपल्या लोकप्रतिनिधींकडे लेखी करावी.